बंद खुरातले रक्त
घोड्याचे चारशे-पाचशे किलो वजन मुख्यतः खुराच्या तळव्यावर टेकलेले नसते, ते आतून टांगलेले असते. पायाचे शेवटचे हाड आणि खुराची कठीण भिंत यांना जोडणारे साडेपाचशे ते सहाशे उभे पापुद्रे प्रत्येक खुरात असतात. त्या प्रत्येकाला आणखी दीडशे-दोनशे सूक्ष्म पापुद्रे फुटलेले असतात. हाडाकडचे आणि भिंतीकडचे पापुद्रे गुंफलेल्या बोटांसारखे एकमेकांत बसतात. ही पकड सुटणे म्हणजे लॅमिनायटिस. पकड सुटली की हाड फिरते किंवा खाली सरकते आणि घोड्याला उभे राहणेही असह्य होते.

भिंतीकडच्या थरात रक्तवाहिन्या नसतात. प्राणवायू आणि ग्लुकोज त्याला हाडाकडच्या थरातून झिरपूनच मिळतात. गुडघ्याखाली रक्त वर ढकलणारे मोठे स्नायूही नाहीत. पाऊल पडताना खूर दाबला जातो आणि शिरांतले रक्त वर चढते. या शिरा सेरोटोनिन, एन्डोथेलिन अशा आकुंचन घडवणाऱ्या द्रव्यांना धमन्यांपेक्षा अधिक तीव्र प्रतिसाद देतात. शीर आवळली की केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपते. इतरत्र अशी सूज पसरू शकते, खुराच्या टणक कवचात तिला जागाच नाही.

त्यामुळे रक्ताची कोंडी हेच मूळ कारण, असे दीर्घकाळ मानले गेले. घोड्याने धान्य भरमसाट खाल्ले की मोठ्या आतड्यात जिवाणू माजतात, लॅक्टिक आम्ल वाढते, आतड्याचे अस्तर बिघडते आणि नको ती द्रव्ये रक्तात उतरतात. ती खुरातल्या वाहिन्या आवळतात, असे हे स्पष्टीकरण. उपचारही वाहिन्या रुंदावणाऱ्या औषधांचे होते.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात ख्रिस्तोफर पॉलिट यांनी खुराचे तापमान मोजून हा समज हलवला. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात आजाराच्या सुरुवातीच्या काळात ज्यांच्या खुरात रक्त वाढले होते, त्याच घोड्यांना लॅमिनायटिस झाला. पुढे 2004 मध्ये अँड्र्यू व्हॅन एप्स आणि पॉलिट यांनी घोड्यांचा एकच पुढचा पाय बर्फाच्या पाण्यात ठेवला, आणि तोच पाय बऱ्याच अंशी वाचला. थंडीने तर वाहिन्या आवळतात! केवळ रक्त कमी पडणे हे कारण असते, तर बर्फाने अपायच व्हायला हवा होता. थंडीमुळे दाह आणि पापुद्र्यांचे बंध तोडणारी विकरे मंदावतात, असे मानले जाते. मात्र हा उपाय लवकर करायला हवा. हाड सरकल्यावर त्याचा फारसा उपयोग नाही.

2007 मध्ये आणखी एक कारण समोर आले. निरोगी पोनींच्या रक्तात इन्शुलिनची पातळी खूप वाढवली, तेव्हा साखर सामान्य राहूनही तीन दिवसांच्या आत त्यांना लॅमिनायटिस झाला. इन्शुलिन रक्तवाहिनीच्या अस्तराला दोन आदेश देते: नायट्रिक ऑक्साइडद्वारे रुंदावण्याचा आणि एन्डोथेलिनद्वारे आवळण्याचा. लठ्ठ, इन्शुलिनला न जुमानणाऱ्या घोड्यात पहिला आदेश क्षीण होतो, दुसरा टिकतो. तरीही साऱ्या नुकसानीचा दोष वाहिन्यांवर टाकता येत नाही. पापुद्र्यांच्या पेशीही या प्रक्रियेत थेट ताणल्या जातात.

रक्तपुरवठ्याचे महत्त्व सर्वांत स्पष्ट दिसते ते एका पायाला गंभीर इजा झाल्यावर. 2006 चा केंटकी डर्बी विजेता बारबारो याचा उजवा मागचा पाय प्रीकनेस शर्यतीत मोडला. शस्त्रक्रियेनंतर डाव्या मागच्या पायाला लॅमिनायटिस झाला, पुढे पुढच्या पायांनाही. 29 जानेवारी 2007 रोजी त्याला दयामरण द्यावे लागले. चांगल्या पायावर अखंड भार राहिला की पापुद्र्यांपर्यंत रक्त नीट पोहोचत नाही. म्हणून अशा घोड्याच्या दुखऱ्या पायाच्या वेदना लवकर आटोक्यात आणतात, म्हणजे तो चांगल्या पायावरचा भार अधूनमधून हलवू शकतो.