क्षयाचे औषध सहा महिने का?

एके काळी पाचगणी (जि. सातारा) आणि मिरजेजवळील वानलेसवाडी (जि. सांगली) येथील आरोग्यधामांत क्षयरोगी महिनोन्‌महिने राहत. विश्रांती, सकस आहार आणि मोकळी हवा हाच मुख्य उपचार असे. जंतूंशी लढावे लागे ते शरीरातील पेशींनाच.

हा लढा अवघड का? फुप्फुसात शिरलेल्या क्षयजंतूंना भक्षक पेशी गिळतात. पण गिळलेले सर्व जंतू मरत नाहीत. काही पेशीतच तग धरतात. मग इतर पेशी भोवती जमून गाठ तयार होते. जंतू कोंडले जातात, संपत नाहीत.

१९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, पुढे इतर औषधे आली. ही औषधे झपाट्याने वाढणाऱ्या जंतूंना लवकर मारतात. सुस्त पडलेल्यांवर मात्र त्यांचा परिणाम सावकाश होतो. पायराझिनामाइड हे औषध आम्लधर्मी जागी, उदाहरणार्थ भक्षक पेशीच्या आत, चांगले काम करते. औषधाने जंतूंची संख्या घटली की पेशींचे काम सोपे होते. म्हणूनच कुपोषण, मधुमेह किंवा एचआयव्हीमुळे पेशी दुबळ्या झाल्या, तर बरे होणे कठीण जाते.

दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते. रोग्याला वाटते, आपण बरे झालो! पण सुस्त जंतू शिल्लक असतात. म्हणून नेहमीच्या क्षयावरील उपचार साधारण ६ महिने चालतो. तो मध्येच सोडल्यास रोग उलटतो, कधी औषधांना दादही देत नाही.

आपल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी क्षयाचा रुग्ण असेल, तर हे कारण त्याला जरूर समजावून सांगा.