जपानी भाषेतील ‘नि’ आणि ‘दे’

गाडीवाट या मराठवाड्यातील गावी जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलांनी सन २०२० मध्ये जपानी भाषा शिकावयास आरंभ केला. यंत्रमानवाच्या ओढीने ही भाषा मुलांनीच निवडली होती. अशी मागणी उद्या बडनेरा परिसरातील शाळेतही झाल्यास शिक्षकाने गोंधळून जाण्याचे कारण नाही. जपानीत क्रियापद मराठीप्रमाणेच वाक्याच्या शेवटी येते आणि नामाचे नाते दाखविणारे शब्द नामाच्या मागून लागतात. आपली विभक्ती जाणणाऱ्या मुलाचा अर्धा अभ्यास घरीच झालेला असतो.

अडचण उरलेल्या अर्ध्यात आहे. ‘बाबा स्टेशनावर आहेत’ आणि ‘बाबा स्टेशनावर काम करतात’ या दोन्ही वाक्यांत मराठीला एकच ‘वर’ पुरतो. जपानीत पहिले वाक्य ‘चिचि वा एकि नि इमासु’ असे, तर दुसरे ‘चिचि वा एकि दे हाताराकिमासु’ असे होते. नुसते असणे सांगावयाचे तेथे ‘नि’. क्रिया घडते त्या स्थळाला ‘दे’. मूल येथे चुकते ते मराठीच्या सवयीने. ही सवय न उलगडता केवळ तांबड्या शाईची रेघ ओढली, तर पुढच्या वाक्यात ते पुन्हा चुकेल आणि काही दिवसांनी बोलावयाचेच सोडून देईल.

आगगाडीचे उदाहरण बडनेऱ्याच्या मुलांना विशेष उपयोगी पडेल. गाडीत चढणे म्हणजे ‘देन्शा नि नोरिमासु’, कारण चढणारा गाडीत येऊन पोहोचतो. गाडीत झोपणे मात्र ‘देन्शा दे नेमासु’, कारण गाडी हे झोपण्याच्या क्रियेचे स्थळ. गाडीने जाणे हेही ‘देन्शा दे इकिमासु’. म्हणजे आपल्या तृतीयेचे कामही ‘दे’ करतो. एक अपवाद आरंभीच सांगून ठेवावा : राहणे, वास्तव्य करणे ही क्रिया असूनही तेथे ‘नि’च येतो.

‘अमरावतीले जातो’ यातील वऱ्हाडी ‘ले’ला बहुधा ‘नि’ जुळतो. ‘दोस्ताले भेटतो’ येथेही ‘नि’च, परंतु ‘पोराले पाहतो’ येथे कर्मदर्शक ‘ओ’ लागतो. शिवाय ‘पाणी पितो’ यात मराठी कर्माला प्रत्यय नसल्याने मूल ‘मिझु ओ नोमिमासु’ यातील ‘ओ’ हमखास गाळते. हे फळ्यावर दोन-तीनदा दाखवावे लागेल.

‘वा’ आणि ‘गा’ यांचा भेद सर्वांत अवघड. त्याची घाई करू नये. ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे त्याला ‘वा’. वऱ्हाडी मुलाच्या ‘भाऊ त गेला’ या वाक्यातील ‘त’ त्याच्या बराच जवळचा आहे. शाळेत ‘त’ अशुद्ध म्हणून खोडला जातो. जपानीच्या तासाला तोच कामास येतो. ‘कोण आले?’ या प्रश्नातील ‘कोण’ला मात्र ‘गा’ : ‘दारे गा किमाशिता का’. उत्तरही त्याच वळणाने, ‘सेन्सेइ गा किमाशिता’, म्हणजे गुरुजी आले. त्यानंतर गुरुजी काय करीत आहेत असे विचारावयाचे झाल्यास ते ओळखीचे झालेले असल्यामुळे ‘सेन्सेइ वा’ असा आरंभ करावा.