सातने भाग जाणारी किल्ली

कागदावर सात वेळा १ लिहा आणि बेरीज करा. सात. सातला सातने भाग जातो. सीडीवरून बसवायच्या विंडोज ९५ ला एवढं पुरायचं. दहा आकडी किल्लीतल्या शेवटच्या सात आकड्यांच्या बेरजेला सातने नि:शेष भाग गेला, की संगणक किल्ली खरी मानायचा. पहिल्या तीन आकड्यांच्या मोजक्याच रचना वर्ज्य होत्या. पाढे पाठ असलेल्या कुठल्याही पोराला अशा हजारो किल्ल्या पाडता आल्या असत्या, कारण कुलूपही घरात आणि किल्लीचा साचाही घरातच.

२००१ च्या विंडोज एक्सपीने साचा घराबाहेर नेला. २५ अक्षरांची किल्ली टाकून भागेना. प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, नेटवर्क कार्ड अशा दहा गोष्टींवरून त्या संगणकाची ओळख ठरायची आणि ती किल्लीसोबत कंपनीकडे जायची. इंटरनेट नसेल तर फोन लावायचा, पडद्यावरचे ५० आकडे वाचून दाखवायचे आणि पलीकडून येणारे ४२ आकडे उतरवून घ्यायचे.

आता बऱ्याच ठिकाणी कंपनीचा सर्व्हर परवान्यावर डिजिटल सही करून पाठवतो. या सहीला दोन किल्ल्या लागतात. गुप्त किल्लीने सही होते, ती कंपनीच्या ताब्यात. उघड किल्लीने सही फक्त तपासता येते, ती सॉफ्टवेअरच्या पोटात. उघड किल्लीवरून गुप्त किल्ली काढणं आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेरचं आहे.

मग परवान्याशिवाय सॉफ्टवेअर चालवून देणारा ‘क्रॅक’ चालतो कसा? तो या गणिताच्या वाटेला जातच नाही. सही कितीही भक्कम असली तरी ‘जुळली तर पुढे जा, नाही तर थांब’ हा निर्णय शेवटी आपल्याच मशीनवरच्या फाइलमध्ये घेतला जातो. क्रॅक करणारा ती सूचनाच फिरवतो. कधी कधी त्यासाठी एक बाइट बदलली तरी पुरते.

माझ्या मते खरा घात इथे आहे. त्या फाइलवरही बहुधा कंपनीची सही असते आणि एक बाइट बदलली तरी ती मोडते. फाइल कंपनीकडून निघाली तशीच आपल्यापर्यंत आली, याचा भरवशाचा पुरावा गेला. बदलणाऱ्याने एकच सूचना फिरवली की सोबत आणखी काही घुसवलं, हे आपण कशावरून ओळखणार? वर अट असतेच: आधी अँटिव्हायरस बंद करा, मग ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. राखणदाराला आपणच घरी पाठवायचं आणि तिजोरीच्या खोलीपर्यंत पाहुण्याला आपणच न्यायचं.

‘पण माझं तर व्यवस्थित चालतंय,’ असं लोक सांगतात. चालणारच. विंडोज फुकट ॲक्टिव्हेट करणाऱ्या केएमएसपिकोच्या नावाने फिरणारा एक इन्स्टॉलर रेड कॅनरी या सुरक्षा कंपनीने २०२१ च्या डिसेंबरात तपासला. तो केएमएसपिको खरोखर बसवून देत होता, आणि त्याच वेळी मागच्या दाराने क्रिप्टबॉट आत सोडत होता. ब्राउझरमधले पासवर्ड आणि क्रिप्टो चलनाची पाकिटं चोरणं हे क्रिप्टबॉटचं काम.

परवान्याची किंमत हा खरा प्रश्न आहे, तो झटकून टाकता येणार नाही. महिन्याची मेस भरताना ओढाताण होणाऱ्या मुलाने वर्षाला शेकडो डॉलर कुठून आणायचे? युरोपातल्या एका विद्यार्थ्यापुढे हाच पेच होता. तो एका जैवरेणू संशोधन संस्थेसोबत काम करत होता. तिथे कोविडवरही संशोधन चालू होतं. आकडेवारीची चित्रं काढणारं एक सॉफ्टवेअर त्याला हवं होतं. हेच काम करू शकणाऱ्या आर आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषा तेव्हाही फुकट होत्या, पण त्याने त्या महागड्या सॉफ्टवेअरचा क्रॅक उतरवला. विंडोज डिफेंडरने धोक्याचा इशारा दिला. त्याने डिफेंडर बंद केला, फायरवॉलही बंद केली.

क्रॅकमध्ये माहितीचोर होता. तो दाबलेली प्रत्येक कळ, ब्राउझरच्या कुकीज आणि क्लिपबोर्ड टिपत राहिला. त्यातच संस्थेच्या नेटवर्कचा लॉगिन सापडला. तेरा दिवसांनी कुणीतरी त्याच लॉगिनने दुरून आत शिरलं. सोफोस या सुरक्षा कंपनीच्या तपासनिसांना ते कळलं एका प्रिंटरमुळे. दुरून जोडलेल्या संगणकाचा प्रिंटर विंडोज आपोआप जोडून घेतं, आणि इथे जोडला गेला होता रशियन भाषेतला प्रिंटर ड्रायव्हर. युरोपातल्या संस्थेत तो कोण वापरणार?

आणखी दहा दिवसांनी ऱ्युक नावाचं खंडणीचं सॉफ्टवेअर सोडलं गेलं. बॅकअप होता, पण अगदी ताजा नव्हता. संगणक आणि सर्व्हर मुळापासून नव्याने उभे करावे लागले, त्यानंतर बॅकअप परत चढवता आला. आठवडाभराचं संशोधन त्यात नव्हतंच.