कापडावरची राजधानी

ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबरा पहिल्यांदा दिसली ती कापडावर, आणि तीही शिकागोत. मॅरियन महोनी ग्रिफिन यांनी शाई आणि जलरंगांत केलेली ती चित्रं आज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यातलं माउंट एन्स्लीच्या माथ्यावरून दिसणारं दृश्य मला सर्वांत प्रिय. सोनेरी-तपकिरी छटा, मधे शांत पाणी, पलीकडे टेकडी आणि तिच्याही मागे धूसर होत गेलेल्या डोंगररांगा. इमारती आहेत, पण नजर धरून ठेवतात ते डोंगरच.

कॅनबराचा विषय निघाला की राजधानी कुठे असावी यावरून सिडनी आणि मेलबर्नमध्ये झालेल्या भांडणाची गोष्ट हमखास सांगितली जाते. ती खरीच आहे. १९०१ साली सहा वसाहतींचा मिळून एक देश झाला, तेव्हा राज्यघटनेतच लिहून ठेवलं गेलं: राजधानी न्यू साउथ वेल्समध्ये असेल, पण सिडनीपासून किमान शंभर मैल दूर, तोवर संसद मेलबर्नला भरेल. १९०८ मध्ये यास-कॅनबराचा परिसर ठरला. सर्वेक्षक चार्ल्स स्क्रिव्हनर यांनी मेंढ्यांच्या कुरणांमधली नेमकी जागा निवडली. हजारो वर्षं तिथे राहत आलेल्या नन्नवाल लोकांना कुणी विचारलं नाही.

तडजोडीतून ठरली ती जागा. शहर ठरलं १९१२ मध्ये. त्याच्या रचनेसाठी घेतलेल्या स्पर्धेत १३७ आराखडे आले आणि पहिला आला मॅरियन यांचे पती वॉल्टर बर्ली ग्रिफिन यांचा. दोघांनीही ती जागा डोळ्यांनी पाहिली नव्हती. हाताशी होते जमिनीचा चढउतार दाखवणारे नकाशे आणि परिसराची रंगवलेली चौफेर दृश्यं. तेवढ्यावरून ग्रिफिन यांनी डोंगर वाचले. एन्स्लीपासून आजच्या कॅपिटल हिलवरून पलीकडे जाणारी एक रेघ त्यांनी ओढली. तिला काटकोनात छेदणारी, ब्लॅक माउंटनपासून निघालेली दुसरी रेघ पाण्याची. मग संसद, सरकारी कचेऱ्या, हमरस्त्यांचा मोठा त्रिकोण हे सगळं या दोन रेघांच्या आधारानं बसवलं. डोंगर हटवायचे नाहीत, रस्त्याच्या टोकाला ते दिसत राहिले पाहिजेत, हा त्यातला गाभा. टेकडीच्या माथ्यावर तर त्यांनी संसदही ठेवली नाही. ती खाली उतरवली आणि माथा लोकांच्या वास्तूसाठी राखला.

जमिनीचा व्यवहारही निराळा ठरला. जमीन सरकारची राहील, घरासाठी ती मिळेल ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं. शहर वाढेल तशी जमिनीची वाढणारी किंमत दलालांच्या खिशात जाऊ नये, हे त्यामागचं कारण मला आजही फार मोलाचं वाटतं.

कागदावरून जमिनीवर येताना मात्र ग्रिफिन यांची ससेहोलपट झाली. काही अधिकाऱ्यांनी त्यांची वाट अडवली. १९१७ च्या चौकशी आयोगानं ग्रिफिन यांची बाजू उचलून धरली, तरी १९२० संपता संपता त्यांनी हे काम सोडलं. संसद १९२७ मध्ये एका पांढऱ्या, तात्पुरत्या इमारतीत आली आणि १९८८ पर्यंत तिथेच राहिली. नवी संसद अखेर टेकडीवरच बांधली, पण वास्तुविशारद रोमाल्डो जुरगोला यांनी ती टेकडीच्या पोटात घेतली आणि छतावर हिरवळ चढवली. लोकप्रतिनिधींच्या डोक्यावरून लोकांना चालता यावं, हा त्यामागचा विचार. माथा लोकांचा, ही ग्रिफिन यांची कल्पना मला त्या गवतात दिसते.

ग्रिफिन यांचा शेवट आपल्याकडे झाला. १९३५ मध्ये विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या कामासाठी ते लखनौला आले, मागोमाग मॅरियनही आल्या. ११ फेब्रुवारी १९३७ रोजी तिथेच ग्रिफिन यांचं निधन झालं आणि तिथल्याच मातीत त्यांचं दफन झालं.

कॅनबरात चित्रातलं तळं मात्र तोवर नव्हतंच. मोलाँग्लो नदीवरच्या धरणाचे दरवाजे १९६३ मध्ये बंद झाले, त्यात दुष्काळ पडला, आणि पाऊस होऊन पाणी काठोकाठ आलं १९६४ च्या एप्रिलमध्ये. तळ्याला ग्रिफिन यांचं नाव आहे. ते पाणी ज्यांनी अर्ध्या शतकापूर्वी कापडावर रंगवलं होतं, त्या मॅरियन १९६१ मध्ये शिकागोत वारल्या होत्या.