ट्रिगरचं इंजेक्शन आणि पितृपक्ष

आयव्हीएफ करून घेणाऱ्या बाईला दहा-बारा दिवस रोज इंजेक्शनं घ्यावी लागतात. संध्याकाळी सातचं आठला झालं तर कुणी फारसं रागवत नाही. शेवटचं इंजेक्शन मात्र वेगळं. त्याला सगळे 'ट्रिगर' म्हणतात. केसपेपरवर त्याची वेळ लिहून तिच्याभोवती गोल केलेला असतो: रात्री १०.३०. मग नवऱ्याच्या मोबाइलवर गजर लागतो, गल्लीतल्या कंपाउंडरला दुपारीच सांगून ठेवलं जातं आणि फ्रिजमधल्या त्या छोट्या खोक्याला घरात कुणी हात लावत नाही.

ही धावपळ अगदी योग्य आहे. ट्रिगरमधलं एचसीजी हे शरीरातल्या एलएच या संप्रेरकाचं काम करतं. ते मिळालं की फॉलिकलमधलं (बीजकोशातल्या छोट्या पिशवीतलं) स्त्रीबीज पिकण्याची शेवटची पायरी चढतं, भिंतीपासून सुटतं आणि त्यानंतर फॉलिकल फुटतं. म्हणून 'पिकअप', म्हणजे सुईने स्त्रीबीजं काढून घेणं, ट्रिगरनंतर साधारण ३४ ते ३६ तासांनी ठरवतात. फार आधी गेलं तर बरीच बीजं कच्ची, काही भिंतीला चिकटलेलीच. फार उशीर झाला तर फॉलिकल फुटून गेलेली, बीजं हाती लागत नाहीत. साडेदहा ही वेळ उलट मोजून आलेली असते: परवा सकाळी साडेदहाला पिकअप, त्यातून ३६ तास वजा. लाइट गेली, कंपाउंडर आला नाही, इंजेक्शन साडेअकराला घेतलं, असं झालं तर लगेच दवाखान्यात फोन करावा. पिकअप तासभर पुढे ढकलता येतं. वाईट एकच, ओरडा बसेल म्हणून न सांगणं.

पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीच्या वेळी उलट मोजायची सोय नव्हती. १९७७ साली इंग्लंडात ओल्डहॅमला रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी यांनी लेस्ली ब्राऊन यांना बीजं वाढवणारी औषधं दिलीच नाहीत. नैसर्गिक पाळीत तयार होणारं एकच बीज त्यांना गाठायचं होतं. एलएच कधी वर जातं हे कळायला रात्रंदिवस दर काही तासांनी लघवी तपासली जात होती. १० नोव्हेंबरला बीज काढलं आणि अडीच दिवसांनी, मध्यरात्रीच्या सुमारास, गर्भ आत सोडला. २५ जुलै १९७८ रोजी लुईस जन्मली. शरीर सांगेल तेव्हा डॉक्टरांनी उठायचं, असा तो काळ.

कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींनी त्याच वर्षी वेगळी वाट काढली. त्यांनी औषधांनी बीजं वाढवली, तयार झालेला गर्भ गोठवला आणि नंतरच्या पाळीत आत ठेवला. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी 'दुर्गा' जन्मली. बीजकोशाचं वेळापत्रक आणि गर्भाशयाचं वेळापत्रक वेगळं करता येतं, हे आज जगभर रोज वापरलं जाणारं तत्त्व त्यांनी तेव्हा वापरलं होतं. सरकारी समितीने त्यांना खोटं ठरवलं आणि १९८१ साली त्यांनी आयुष्य संपवलं. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून हर्षाचा जन्म झाला. त्या कामातले शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार यांनीच नंतर मुखर्जींची कागदपत्रं वाचून भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचा मान त्यांचा असल्याचं जाहीर केलं.

ऐंशीच्या दशकात शरीराचं एलएच दाबून ठेवणारी औषधं आयव्हीएफमध्ये आली आणि घड्याळ दवाखान्याच्या हाती गेलं. डॉक्टरांची झोप वाचली, ऐनवेळी रद्द होणारी चक्रंही कमी झाली. पण याच सोयीतून 'बॅच' निघाली. मोठ्या शहरातून एम्ब्रियोलॉजिस्ट महिन्यातले ठरावीक दिवस लहान गावच्या सेंटरला येतो, म्हणून दहा-पंधरा जणींच्या पाळ्या गर्भनिरोधक गोळ्या देऊन एका वेळेवर आणायच्या. गावातल्या गावात उपचार मिळतात, हा फायदा खराच. तरी एक गोष्ट विचारायला हवी. एलएच दाबणाऱ्या 'अँटागोनिस्ट' औषधांच्या पद्धतीत आधी दोन-चार आठवडे अशा गोळ्या दिल्यास यशाचं प्रमाण घटतं, म्हणून त्या देऊ नयेत, असं युरोपातल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९च्या मार्गदर्शिकेत म्हटलं आहे. तेव्हा 'ही गोळी माझ्यासाठी की बॅचसाठी?' हा प्रश्न उद्धट नाही.

आययूआयमध्ये, म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्याच्या उपचारात, मात्र तासांची एवढी काटेकोर गरज नसते. शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात, बीज १२ ते २४ तास. म्हणजे वाट शुक्राणूंनी पाहायची, बीजाने नाही. ट्रिगरनंतर २४ ते ३६ तासांच्या पट्ट्यात आययूआय झालं की पुरे. रिक्षा ट्रॅफिकमध्ये अडकली म्हणून रडायचं कारण नाही.

गर्भ आत सोडण्याचा, म्हणजे 'ट्रान्सफर'चा, दिवस प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकावर ठरतो. पाच दिवसांचा गर्भ असेल, तर गर्भाशयाच्या अस्तराला पाच दिवस प्रोजेस्टेरॉन मिळालेलं असावं लागतं. हा मेळ चुकला तर उत्तम गर्भही रुजत नाही. याच भीतीवर एक महागडी तपासणी चालते: अस्तराचा तुकडा काढून 'तुमची खास वेळ' सांगणारी, ईआरए. अमेरिकेत ७६७ जणींवर तिची चाचणी झाली. २०२२ साली आलेला निकाल असा: तपासणीनुसार वेळ ठरवलेल्या गटात ५८.५ टक्के स्त्रियांना मूल झालं, नेहमीच्या वेळेच्या गटात ६१.९ टक्के. निदान सरसकट सगळ्यांनी त्यावर पैसे घालवू नयेत.

आता पितृपक्ष. 'सासूबाई म्हणतात, अमावास्येला ट्रान्सफर नको,' असं सांगणाऱ्याला हसण्याचं कारण नाही. गर्भ गोठवलेला असेल आणि अस्तर गोळ्यांनी तयार होत असेल, तर प्रोजेस्टेरॉन दोन-तीन दिवस उशिरा सुरू करून तारीख सरकवता येते. पंधरवडा टाळायचा तर पुढच्या पाळीत ट्रान्सफर करता येतं. पिकअपला मात्र पंचांग लावू नये. फॉलिकल तिथी पाळत नाहीत. आणि उपचार सुरू करायलाच थोडा उशीर होत असेल तर? न्यूयॉर्कमध्ये बीजसाठा कमी असलेल्या स्त्रियांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या भेटीनंतर तीन महिन्यांच्या आत उपचार सुरू झालेल्या आणि तीन ते सहा महिन्यांनी सुरू झालेल्या स्त्रियांच्या यशात फरक आढळला नाही.

महिने चालतात, वर्षं नाही. आणि इथे मोजायचं ते बीज काढलं तेव्हाचं वय, गर्भ आत ठेवतानाचं नव्हे. चौतिसाव्या वर्षी गोठवलेला गर्भ अडतिसाव्या वर्षी ठेवला तरी रुजण्याच्या दृष्टीने तो बराचसा चौतिशीतलाच असतो. आपल्याकडच्या २०२१च्या कायद्याने गर्भ साठवण्याला दहा वर्षांची आणि उपचार घेणाऱ्या स्त्रीला पन्नास वर्षांची मर्यादा घातली आहे. पण बीजांची उतरण त्याच्या कितीतरी आधी, पस्तिशीनंतरच वेग घेते. 'आणखी दोन वर्षं बघू' असं म्हणताना घरच्यांनी आधी सुनेचं वय विचारात घ्यावं, आणि मुलाची वीर्यतपासणी तर त्याच आठवड्यात करून घ्यावी. तिला ना ट्रिगर लागतं, ना बॅच.