गळ न टाकण्याचे सरोवर

सुटी लागली की सहकुटुंब एखाद्या जलाशयाकाठी जावे, मुलांनी सायकली फिरवाव्यात, वडील मंडळींनी गळ टाकून बसावे, अशी हौस आता आपल्याकडेही रुजू लागली आहे. सुलतानपूरकरांना त्यासाठी लांब जाण्याचे कारण नाही. मेहकरकडून लोणारकडे जाणाऱ्या रस्त्यावर आपले गाव आहे आणि दहा-बारा किलोमीटरवर जगप्रसिद्ध सरोवर आहे. सायकलीला हे अंतर म्हणजे तासाभराचे काम. परंतु सायकलीच्या दांडीला गळाची काठी बांधून कोणी निघणार असेल, तर त्याने ती घरीच ठेवावी. लोणार हे मासेमारीचे सरोवर नव्हे. ते का नव्हे, हे समजून घेणे मासे धरण्याइतकेच मौजेचे आहे.

लोणारचे विवर उल्कापाताने झाले. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असून ते बेसॉल्टच्या काळ्या खडकात कोरले गेले आहे. या खडकात अशी झालेली विवरे जगात बोटांवर मोजण्याइतकीच. आघाताच्या प्रचंड दाबाने खनिजाची काच बनते. तिला मास्केलिनाइट म्हणतात. ती येथे सापडली आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ज्वालामुखीचा जुना तर्क मागे पडला. विवराचे वय आधी सुमारे ५२ हजार वर्षे मानले जाई. पुढे आरगॉन पद्धतीने केलेल्या मोजणीत ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले.

आता पाण्याकडे वळू. विवर म्हणजे काठ उंच असलेली परातच. पावसाचे आणि धारेसारख्या झऱ्यांचे पाणी आत येते. बाहेर जायला मात्र वाट नाही. उन्हाने पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. हजारो वर्षे हेच चालल्याने पाण्यात सोडियमचे कार्बोनेट व मीठ साठले. लवणासुराचा वध करणाऱ्या दैत्यसूदनाची कथा आपल्या पूर्वजांनी सांगितली, तिच्या नावातच हे लवण आहे. दल्ला, पापडी, भुस्की अशा नावांनी येथले क्षार पूर्वी काढले जात आणि साबण, काच, रंगकाम यांसाठी वापरले जात.

या पाण्याचा सामू सुमारे १० च्या आसपास नोंदला गेला आहे. शुद्ध पाण्याचा ७ असतो. माशाच्या शरीरात प्रथिनांच्या पचनातून अमोनिया तयार होतो व तो कल्ल्यांवाटे पाण्यात सोडला जातो. साध्या पाण्यात तो लगेच दुसऱ्या रूपात बांधला जातो, म्हणून बाहेर पडण्याची वाट मोकळी राहते. क्षारयुक्त पाण्यात तसे घडत नाही. अमोनिया माशाच्या रक्तातच साचतो आणि मासा स्वतःच्याच विषाने मरतो. रोहू-कटल्याचा येथे निभाव लागत नाही तो यामुळे. केनियातील मगाडी सरोवरात मात्र एक लहानसा तिलापिया अशाच पाण्यात जगतो. कारण तो आपल्यासारखा युरिया बाहेर टाकतो! निसर्गाने तेथे वाट काढली, येथे नाही.

म्हणून लोणारचे पाणी निर्जीव समजू नये. ते हिरवे दिसते ते सूक्ष्म शैवालामुळे. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले. मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याने तसे घडले, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दाखविले. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

खरी काळजीची गोष्ट पुढेच आहे. अलीकडच्या वर्षांत सरोवराची पातळी वाढून पाणी काठच्या कमळजादेवीच्या मंदिरापर्यंत पोहोचले. पाणी वाढले म्हणजे चांगले, असे आपल्या दुष्काळी मनाला वाटते. येथे हिशेब उलटा आहे. गोडे पाणी जितके अधिक मिसळेल, तितका खारेपणा उतरेल आणि त्या खारेपणावर जगणारे जीव नाहीसे होतील. या पाण्यात मासा खेळताना दिसला, तर टाळ्या वाजविण्याऐवजी आपण दचकले पाहिजे. सरोवराचा स्वभाव बदलल्याची ती खूण ठरेल.

ज्यांना गळच टाकायचा आहे, त्यांच्यासाठी मेहकर तालुक्यात पैनगंगेवरचे पेनटाकळी धरण आहे. मात्र धरणातील मासेमारी बहुधा ठेक्याने दिलेली असते. कोळीबांधवांना विचारल्यावाचून काठावर बसू नये, कारण तो त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे.

लोणारला जाल तेव्हा सायकली वर काठावर ठेवा आणि पायी उतरा. हा परिसर अभयारण्य आहे. मोर, वानरे, पाणपक्षी दिसतील. काठच्या चिखलात पाय रुततो, म्हणून मुलांचा हात सोडू नका. साबण, निर्माल्य, प्लॅस्टिक पाण्यात जाऊ देऊ नका. गावातील दैत्यसूदनाचे मंदिर पाहिल्याविना परतू नका. दुसऱ्या सरोवरांवरून लोक टोपलीभर मासे घेऊन घरी येतात. या सरोवरावरून रिकाम्या हातांनी यावे आणि ते पुढच्या पिढीसाठी आहे तसेच ठेवावे, यातच आपली प्रतिष्ठा आहे.