इंदूरचे संगणकप्रेम आणि मराठी संकेतपान

माळव्याच्या पठारावरील इंदूर हे होळकरांच्या राजवटीपासून व्यापाराचे व उद्यमशीलतेचे शहर म्हणून ओळखले जाते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत येथील कापड गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि शहराच्या अर्थजीवनाला नवी दिशा शोधावी लागली. त्याच सुमारास तंत्रज्ञानाची नवी केंद्रेही येथे आकार घेत होती. १९८४ मध्ये पायाभरणी झालेले व आज राजा रामण्णा यांच्या नावाने ओळखले जाणारे प्रगत तंत्रज्ञान केंद्र हे त्यांतील प्रमुख होय. रवींद्रनाथ टागोर मार्गावरील सिल्व्हर मॉलमधील संगणकाची दुकाने आणि जेल रोडवरील मोबाइल संचांचा बाजार पाहिला, म्हणजे तंत्रज्ञानाची ही आवड प्रयोगशाळांच्या भिंतीआड राहिली नाही, हे सहज ध्यानात येते.

या आवडीचे एक लोकप्रिय रूप म्हणजे स्वतःचे संकेतपान तयार करणे. शाळा, गणेशोत्सव मंडळ, गृहनिर्माण संस्था, लहान दुकानदार अशा सर्वांनाच आज आपली माहिती संगणकाच्या पडद्यावर मांडावीशी वाटते. त्यासाठी लागणारी साधने स्वस्त झाली असून अनेक तर विनामूल्य आहेत. परंतु पान दिसावयास सुंदर झाले, एवढ्याने त्याचे कार्य पूर्ण होत नाही. ज्याच्यासाठी ते लिहिले, त्या वाचकाला ते सापडले पाहिजे, वाचता आले पाहिजे आणि डोळ्यांनी वाचता येत नसल्यास ऐकता आले पाहिजे. भारतीय भाषांच्या बाबतीत हे साध्य होण्यास फार मोठा काळ लागला. त्या वाटचालीत इंदूरचा व आसपासच्या प्रदेशाचा वाटा लक्षणीय आहे.

संकेतपान म्हणजे काय?

युरोपातील सर्न या संशोधन संस्थेत काम करणारे टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जागतिक जाळ्याची कल्पना मांडली आणि १९९१ मध्ये पहिले संकेतस्थळ जगापुढे आले. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांना मोफत वापरण्यास खुले केले. भारतात सर्वसामान्य ग्राहकांना इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागली.

संकेतपानाची रचना समजून घेण्यास छापखान्याचे उदाहरण उपयोगी पडते. लग्नपत्रिकेचा मजकूर छापखान्यात दिला जातो, तेव्हा त्यासोबत 'हे नाव ठळक', 'हा मुहूर्त मध्यभागी', 'येथे नवा परिच्छेद' अशा सूचनाही दिल्या जातात. संकेतपानात हेच काम 'एचटीएमएल' या खुणांच्या भाषेतून होते. शीर्षक कोणते, परिच्छेद कोठे संपतो, यादी कोठे सुरू होते, हे त्या खुणा संगणकाला सांगतात. अक्षरांचा आकार, रंग, दोन ओळींमधील अंतर इत्यादी गोष्टी ठरविण्यासाठी 'सीएसएस' ही निराळी भाषा असून तिचे पहिले प्रमाणित रूप डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. मजकूर व सजावट यांची अशी फारकत केल्याने मजकुराला धक्का न लावता सजावट बदलता येते, आणि तोच मजकूर मोठ्या पडद्यावर व हातातील मोबाइलवर निरनिराळ्या रीतीने मांडता येतो.

अक्षरांची अडचण

इंग्रजीत पान करणाऱ्यास येथवरचे ज्ञान पुरेसे होते. देवनागरीत लिहिणाऱ्यापुढे मात्र आणखी एक अडचण उभी राही. संगणक अक्षर ओळखीत नाही, त्याला फक्त क्रमांक कळतात. रोमन अक्षरांचे क्रमांक फार पूर्वीच निश्चित झाले होते. देवनागरी अक्षरांसाठी सर्वमान्य क्रमांक व्यवहारात रुळण्यापूर्वी फॉण्ट तयार करणाऱ्यांनी एक तात्पुरती युक्ती योजिली. रोमन अक्षरांच्या क्रमांकांवरच देवनागरी अक्षरांची चित्रे बसविण्यात आली.

मध्य प्रदेशातील कचेऱ्यांतून व टंकलेखन केंद्रांतून प्रचलित असलेला 'कृतिदेव' हा फॉण्ट याच पद्धतीचा. त्यात 'राम' हा शब्द लिहिला असता संगणकात प्रत्यक्षात जे, के आणि ई ही तीन रोमन अक्षरे साठविली जातात. कृतिदेव बसविलेल्या संगणकावर त्यांचे रूप 'राम' असे दिसते, परंतु तो फॉण्ट नसलेल्या संगणकावर ती तीन निरर्थक रोमन अक्षरेच उमटतात. प्रत्येक वृत्तपत्राचा व प्रत्येक छापखान्याचा फॉण्ट निराळा असल्याने एका ठिकाणचा मजकूर दुसरीकडे वाचता येत नसे. संकेतपान उघडण्याआधी वाचकाला फॉण्ट उतरवून घ्यावा लागे, आणि 'राम' हा शब्द शोधणाऱ्याला तो कधीच सापडत नसे, कारण तो तेथे साठविलेलाच नसे.

इंदूरचा व धारचा प्रयोग

अशा परिस्थितीत, १९९९ मध्ये इंदूर येथून 'वेबदुनिया' हे संकेतस्थळ सुरू झाले. इंदूरच्या 'नईदुनिया' या जुन्या हिंदी दैनिकाशी संबंधित असलेल्या विनय छजलानी यांनी स्थापन केलेले हे संकेतस्थळ हिंदीतील पहिले वेब पोर्टल म्हणून ओळखले जाते. पुढे मराठीसह इतर भारतीय भाषांतही त्याच्या आवृत्त्या निघाल्या. मुंबई, बंगळूर वा दिल्ली येथे न होता हा आरंभ माळव्यात व्हावा, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. वृत्तपत्राची परंपरा, संगणकाची आवड असलेला तरुणवर्ग आणि आपल्या भाषेत वाचू इच्छिणारा मोठा वाचकवर्ग या तिन्ही गोष्टी इंदुरात एकत्र होत्या.

इंदूरशेजारील धार जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या पवार संस्थानच्या मुलखात, १ जानेवारी २००० रोजी 'ज्ञानदूत' ही योजना कार्यान्वित झाली. गावोगावी 'सूचनालय' नावाची संगणक केंद्रे उघडण्यात आली आणि ती चालविण्यासाठी 'सूचक' म्हणून स्थानिक तरुण पुढे आले. बाजार समित्यांतील भाव, जमिनीच्या नोंदींचे उतारे, दाखल्यांसाठी अर्ज आणि तक्रारी ही कामे तेथून हिंदीत होऊ लागली. निरनिराळ्या बाजारांतील भाव घरबसल्या समजल्याने माल कोठे न्यावा, याचा निर्णय शेतकऱ्याला गाडी जुंपण्यापूर्वीच घेता येऊ लागला. या योजनेला २००० सालचा स्टॉकहोम चॅलेंज पुरस्कार मिळाला. वीजपुरवठ्यातील खंड व दूरध्वनी जोडणीतील दोष यांमुळे पुढे तिला मर्यादा पडल्या, हेही नमूद केले पाहिजे. तथापि, पडद्यावरची भाषा आपली असेल तर संगणकाची भीती उरत नाही, हा धडा या प्रयोगाने दिला.

सर्वमान्य क्रमांकांची योजना

अक्षरांची मूळ अडचण मात्र अक्षरांच्या क्रमांकांतच सोडवावी लागणार होती. भारतीय लिप्यांसाठी एकच संकेतप्रणाली असावी, या दृष्टीने झालेल्या प्रयत्नांतून 'इस्की' ही प्रणाली निर्माण झाली व १९९१ मध्ये तिला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांना सामावून घेऊ पाहणाऱ्या 'युनिकोड' प्रणालीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तीत देवनागरीसाठी १२८ स्थाने राखून ठेवण्यात आली आणि अक्षरांचा क्रम इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावरून घेण्यात आला.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराचा क्रमांक स्वतंत्र व कायमचा आहे. फॉण्ट कोणताही असो, 'क' चा क्रमांक बदलत नाही. जोडाक्षरे स्वतंत्र साठविली जात नाहीत. 'क्ष' हे अक्षर क, हलन्त चिन्ह व ष अशा तीन क्रमांकांच्या रूपाने साठविले जाते आणि त्यांचे जोडाक्षर करून दाखविणे हे फॉण्टचे काम असते. यामुळे मजकूर शोधता येतो, अकारविल्हे लावता येतो आणि एका संगणकावरून दुसऱ्यावर अबाधित जातो.

मराठीच्या खास गरजांचाही यात विचार झालेला आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. या दोन शब्दांतील रकाराचे रूप वेगळे असून हिंदीला त्याची गरज भासत नाही. युनिकोडमध्ये 'ऱ' या अक्षराला हलन्त चिन्ह जोडल्यास मराठीचा हा विशिष्ट रकार मिळतो. भारतीय भाषांसाठी प्रमाणित केलेल्या 'इनस्क्रिप्ट' कळफलकावर स्वर व मात्रा डाव्या हाताला, तर व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला आहेत. 'क' च्या कळीवरच शिफ्ट कळीसह 'ख', आणि 'र' च्या कळीवर त्याच रीतीने 'ऱ' मिळतो. सर्व भारतीय लिप्यांसाठी ही मांडणी समान असल्याने इंदूरसारख्या बहुभाषी शहरात ती विशेष सोयीची ठरते.

विंडोज २००० या संगणक प्रणालीसोबत 'मंगल' हा युनिकोड फॉण्ट आला. त्याची रचना मुंबईचे ख्यातनाम सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनी केली होती. आज 'एक टाइप' या मुंबईतील संस्थेचा 'मुक्त', तसेच केवळ मराठीच्या अक्षरवळणांचा विचार करून घडविलेला 'टायरो देवनागरी मराठी' असे दर्जेदार फॉण्ट विनामूल्य उपलब्ध आहेत. फॉण्ट पानासोबतच वाचकाकडे पाठविण्याची सोयही झाल्यामुळे तो आधी उतरवून घेण्याचा त्रास संपला आहे.

नवी साधने, जुनी चूक

एवढी प्रगती झाल्यानंतर एक जुनी चूक नव्या रूपाने पुन्हा होत असल्याचे दिसते. चित्र, रंग व अक्षरे बोटाने हलवून सुबक फलक करण्याची साधने आता प्रत्येकाच्या मोबाइलवर आहेत. या साधनांनी तयार केलेली सूचना पुष्कळदा चित्राच्या स्वरूपात संकेतपानावर चिकटविली जाते, किंवा टंकलिखित कागदाचे छायाचित्रच तेथे ठेवले जाते. पाहणाऱ्याला अक्षरे दिसतात, परंतु संगणकाच्या दृष्टीने तेथे एकही अक्षर नसते. कृतिदेवच्या काळात 'राम' सापडत नसे, तसाच तो या चित्रातही सहजासहजी सापडत नाही.

यामुळे होणारे नुकसान साधे नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत सांगणारी सूचना चित्ररूपात असेल, तर तिचा शोध घेणाऱ्या विद्यार्थ्याला ती मिळेलच असे नाही. दृष्टिहीन व्यक्ती पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी आज्ञावली वापरतात. केवळ चित्र असलेल्या ठिकाणी त्या आज्ञावलीला वाचण्यासारखे काही मिळत नाही. वृद्ध वाचकाने चित्र मोठे केल्यास ओळी पडद्याबाहेर जातात, अक्षररूप मजकूर मात्र मोठा होऊनही पडद्यात मावतो. खर्चाचा हिशेबही ध्यानात घेण्याजोगा आहे. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह ३ बाइट जागा घेते. म्हणजे हजार चिन्हांची सूचना सुमारे ३ हजार बाइटमध्ये मावते, तर तिचे छायाचित्र काही लाख बाइटचे होऊ शकते. जोडणी मंद असलेल्या गावात हा फरक वाचकाला प्रत्यक्ष जाणवतो.

भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये प्रथम मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध झाल्या. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीच्या २०१६ च्या कायद्यानेही माहिती सर्वांना सुलभ असावी, यावर भर दिला आहे. हौसेने पान करणाऱ्यानेही हीच दृष्टी ठेवणे इष्ट होय.

पान करताना घ्यावयाची काळजी

पुढील गोष्टी कोणत्याही साधनाने सहज करता येण्यासारख्या आहेत. मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा, आणि जुन्या फॉण्टमधील मजकूर असल्यास तो रूपांतरित करून नजरेखालून घालावा. चित्र वापरल्यास त्यातील माहिती शेजारी मजकुरातही द्यावी. शीर्षकाला केवळ मोठे अक्षर न देता शीर्षकाची खूण द्यावी. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा व खाली उकार येत असल्याने दोन ओळींमधील अंतर रोमन मजकुरापेक्षा थोडे अधिक ठेवावे.

पानाची भाषा कोणती, ही खूणही अवश्य द्यावी. मराठी व हिंदी यांची लिपी एकच असल्याने संगणकाला नुसत्या अक्षरांवरून भाषा ओळखणे अवघड जाते. मराठीतील 'चाक', 'चूल' या शब्दांतला दंत्य उच्चार हिंदीत नाही. भाषेची खूण नसल्यास वाचून दाखविणारी आज्ञावली मराठी मजकूर हिंदी वळणाने वाचू शकते आणि ऐकणाऱ्याला अर्थ लावताना कष्ट पडतात. जेथे एकाच पानावर दोन्ही भाषा असतात, तेथे प्रत्येक भागाला वेगळी खूण देणे आवश्यक आहे.

इंदुरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. महाराष्ट्र साहित्य सभा, सानंद न्यास यांसारख्या संस्थांनी तेथे मराठी वाङ्मय व रंगभूमी यांची आस्था जपली आहे. त्या घरांतील अनेक मुलांचे शिक्षण हिंदी वा इंग्रजी माध्यमातून होते, आणि मराठी शब्द त्यांच्या दृष्टीस पडण्याची ठिकाणे मोजकीच असतात. मोबाइलचा पडदा हे त्यांपैकी एक होय. एखाद्या मुलाने आजीच्या तोंडून ऐकलेला शब्द त्या पडद्यावर शोधला आणि तो त्याला मिळाला, तर तो कोणीतरी कधीतरी अक्षरांत लिहून ठेवला होता म्हणूनच मिळेल. संकेतपान करणाऱ्या प्रत्येक हौशी हाताकडून एवढी दक्षता अपेक्षित आहे.